संसारांतील शास्त्र : हरवलेलीं पाकिटें

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु हरवली म्हणजे वस्तूचा शोध सुरू होण्यापूर्वीं माणसाचा शोध सुरू होतो, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांना असेल. देवघरांतील चांदीची पळी दिसेनाशी झाली कीं प्रथम आठवते ती कालपरवां कामास लागलेली बाई. पळी मात्र चार दिवसांनीं निर्माल्याच्या परडींत सांपडते. तोंवर जें बोलून झालें तें झालें. पळी पुन्हां देव्हाऱ्यांत ठेवतां येते, बोललेला शब्द पुन्हां तोंडांत घालतां येत नाहीं. या महिन्याचा विषय वरवर पाहतां अगदीं यांत्रिक आहे. घरांतील संगणकांच्या जोडणींत निरोपांचीं पाकिटें कां हरवतात, आणि तीं नेमकीं कोठें हरवतात हें कसें शोधावें, एवढाच तो आहे. परंतु हा धडा मला ज्या रीतीनें मिळाला ती सांगितल्यावांचून तो पुरा होणार नाहीं. आणि त्या हकीकतींत माझ्या वांट्याला फारसा मोठेपणा येत नाहीं, हें आरंभींच कबूल करतों.

आमचें घर तीन मजली. तळमजल्यावर थोरले बंधु व वहिनी राहतात. तेथेंच मागील अंगणाकडे उघडणारी आईची खोली आहे. मधल्या मजल्यावर आम्ही, आणि जिन्याखालच्या कपाटांत एक छोटा संगणक. रास्पबेरी पाय हें त्याचें नांव. मुलांना संगणकाची विद्या स्वस्तांत शिकतां यावी या हेतूनें इंग्लंडांत केंब्रिज येथें ही योजना निघाली आणि २०१२ सालीं असा पहिला संगणक बाजारांत आला. आमच्याकडे आहे तो २०१९ सालीं निघालेल्या चौथ्या आवृत्तीपैकीं. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६ मिलिमीटर. म्हणजे पत्त्यांच्या कॅटाहून फारसा मोठा नाहीं. परंतु एवढ्याशा डबींत आमच्या घराची सारी स्मरणवही सांठविलेली आहे. वडिलांच्या रोजनिशांचीं छायाचित्रें, लग्नामुंजींचे फोटो, घराचे कागद, आणि सर्वांत मोलाचें म्हणजे वडिलांचें वाचन. ते दर चातुर्मासांत घरीं ज्ञानेश्वरी वाचून तिच्यावर बोलत असत. त्यांच्या शेवटच्या तीन चातुर्मासांतील वाचनाचें ध्वनिमुद्रण आम्हीं करून ठेविलें होतें. आवाजांत तिळमात्र फरक पडूं नये म्हणून तें न आकसतां, मूळच्या मोठ्या आकारांतच ठेविलें आहे. आई रोज दुपारीं तीन वाजतां आपल्या खोलींत तें ऐकते. पुतण्या घरीं असला म्हणजे तोच तिला तें लावून देई आणि शेजारीं बसून ऐकेही.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली आणि घरांतील जुना स्विच जळाला. स्विच म्हणजे येथें दिव्याचें बटण नव्हे. घरांतील संगणकांच्या तारा जिच्यांत येऊन मिळतात आणि एकाचा निरोप दुसऱ्यास जी पोंचविते, त्या पेटीला हें नांव आहे. दादांनीं दुसऱ्याच दिवशीं बाजारांतून नवी पेटी आणून बसविली. त्याच आठवड्यांत पुतण्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचें वसतिगृह सोडून घरीं राहावयास आला. आणि त्याच आठवड्यांत आई मला म्हणाली, “अरे, यांचा आवाज मधेंच थांबतो. ओवी सुरू करतात आणि गप्प बसतात. मग थोड्या वेळानें पुढें म्हणतात. पूर्वीं असें होत नसे.”

काकतालीय न्याय आपण सर्वांनीं शाळेंत वाचलेला असतो. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, एवढ्यावरून कावळ्यानें फळ पाडलें असें म्हणूं नये, हें परीक्षेंत लिहून गुणही मिळविलेले असतात. परंतु घरच्या कावळ्याला तो न्याय लावण्याचें सुचत नाहीं. पुतण्या रात्रीं आपल्या संगणकावर व्याख्यानें उतरवून घेतो, खेळही खेळतो, हें मला ठाऊक होतें. घरांतील सारी वाट त्यानेंच अडविली असणार असें मीं ठरविलें, आणि रात्रीं पानावर सर्व मंडळी बसलीं असतांना म्हणालों, “या घरांत तुझ्या खेळापेक्षां आजीचें ऐकणें महत्त्वाचें आहे.” तो कांहीं बोलला नाहीं. वहिनींनीं आमटी वाढतां वाढतां हात क्षणभर थांबविला, एवढें मला आठवतें. दुसऱ्या दिवसापासून तो पुस्तकें व संगणक पिशवींत घालून सकाळींच अभ्यासिकेंत जाऊं लागला तो रात्रीं दहाला परत येई. दुपारीं आईजवळ बसणारें माणूस गेलें. आवाज मात्र थांबावयाचा तसा थांबतच राहिला.

आतां पुढील हकीकत समजण्यासाठीं या पाकिटांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

संगणक एकमेकांशीं बोलतात तें अखंड धारेनें नव्हे. मजकूर कितीहि मोठा असो, त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटांत घालतात, त्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहितात, आणि तीं पाकिटें एकामागून एक सोडतात. ही कल्पना १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन यांनीं व इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें मांडली. तुकड्याला ‘पॅकेट’ हें नांव डेव्हिस यांचें. आपल्याकडे टपालामुळें पाकीट हा शब्द घरोघर रुळलेला असल्यानें तोच येथें वापरतों. घरांतील तारेच्या जोडणींत एका पाकिटांत सामान्यतः १५०० बाइट मजकूर मावतो. पाकिटाच्या शेवटीं चार बाइटांची एक पडताळणीची संख्या असते. घेणारा स्वतः तीच आकडेमोड पुन्हां करून पाहतो. संख्या जुळली नाहीं तर वाटेंत कांहीं तरी बिघडलें असें समजून तें पाकीट टाकून देतो. टाकून दिल्याचें तो पाठविणाऱ्याला कळवीत मात्र नाहीं.

मग हरवलेलें पाकीट पुन्हां मिळतें कसें? तें काम टीसीपी या नांवाच्या नियमांकडे आहे. विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनीं त्यांची मूळ मांडणी १९७४ सालीं प्रसिद्ध केली. घेणाऱ्यानें पोंच द्यावी, आणि पोंच आली नाहीं तर पाठविणाऱ्यानें तेंच पाकीट पुन्हां पाठवावें, असा त्यांचा सारांश आहे. म्हणून अशा जोडणींत पाकीट हरवलें तरी ओवींतील शब्द गळत नाहीं. तो उशिरा येतो. आई जें म्हणाली होती तें किती नेमकें होतें, हें मला पुष्कळ उशिरा कळलें. आवाज फाटतो किंवा शब्द गळतो असें ती म्हणाली नव्हती. “थांबतात, आणि मग पुढें म्हणतात,” असें ती म्हणाली होती. रोग्याचें बोलणें नीट ऐकणारा वैद्य असता तर त्याचें अर्धें निदान तेथेंच झालें असतें.

येथें एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८६ च्या ऑक्टोबर महिन्यांत कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कलीचें विद्यापीठ यांच्यामधील जोडणी एकाएकीं मंदावली. दोन ठिकाणांमधील अंतर सुमारें ४०० यार्ड. परंतु सेकंदास ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनीं याचा छडा लावला. वाटेवर गर्दी झाली कीं पाकिटें हरवत. हरवलीं कीं प्रत्येकजण घाईनें तींच पुन्हां पाठवी. त्यामुळें गर्दी अधिकच वाढे. यावर जेकबसन यांनीं मायकेल कॅरेल्स यांच्यासह १९८८ सालीं जो उपाय प्रसिद्ध केला, त्याचें मर्म असें : पाकीट हरवलें कीं वाटेवर गर्दी आहे असें समजावें आणि आपला वेग कमी करावा. या शहाणपणामुळें साऱ्या जगाची जोडणी तगली. परंतु या नियमांत एक गृहीत गोष्ट आहे. पाकीट हरवतें तें गर्दीमुळेंच, खराब तारेमुळें किंवा बिघाडामुळें क्वचितच, असें तें गृहीत आहे. बहुधा तें खरें ठरतें. जेथें खरें ठरत नाहीं तेथें वाट मोकळी असूनहि यंत्र विनाकारण हळू चालतें. आमच्या घरीं नेमकें हेंच चाललें होतें. यंत्रहि गर्दीला दोष देत होतें, आणि मीहि.

आतां तपासाकडे वळूं. संगणकांच्या जगांत नाडी पाहण्याचें एक साधन आहे, त्याचें नांव पिंग. अमेरिकेंतील माइक म्यूस यांनीं तें डिसेंबर १९८३ मध्यें लिहिलें. पाण्याखालील वस्तूवर आपटून परत येणाऱ्या सोनारच्या नादावरून त्यांनीं हें नांव घेतलें. एक पाकीट पाठवावयाचें, समोरच्यानें तें तसेंच परत करावयाचें, आणि किती गेलीं व किती आलीं हें मोजावयाचें, एवढेंच हें काम. मीं माझ्या टेबलावरील संगणकावरून जिन्याखालच्या छोट्या संगणकाकडे अशीं शंभर लहान पाकिटें पाठविलीं. शंभरच्या शंभर परत आलीं. मी मनांत म्हणालों, तार साफ आहे, पेटी साफ आहे, तेव्हां दोष पोराचाच.

ही माझी पहिली चूक. पहाटेच्या निर्मनुष्य रस्त्यावर सायकल चालवून पाहावी आणि हा रस्ता जत्रेच्या गर्दीस पुरेल असें ठरवावें, तशांतलीच ती होती. दोष पाहावयाचा तर दोष ज्या वेळीं दिसतो त्या वेळची परिस्थिति निर्माण केली पाहिजे. पुढें आठ दिवसांनीं, आईनें पुन्हां एकदां तक्रार केल्यावर, मीं एक मोठी फाइल छोट्या संगणकावरून उतरवून घेण्यास सुरुवात केली, आणि ती उतरत असतांनाच पिंगचीं मोठीं पाकिटें पाठविलीं. मोठीं म्हणजे १४७२ बाइट मजकुराचीं. त्यांत पत्ते वगैरेंचे २८ बाइट मिळविले कीं १५०० बाइटांचें पाकीट पूर्ण भरतें. या वेळीं शंभरांतून अकरा परत आलीं नाहींत.

घड्याळांत संध्याकाळचे सहा वाजले होते. पुतण्या अभ्यासिकेंत होता आणि त्याचा संगणक त्याच्याबरोबर होता. म्हणजे तो घरांत नसतांना, त्याचें यंत्रहि घरांत नसतांना, पाकिटें हरवत होतीं. त्या आकड्याकडे पाहून मला जें वाटलें तें येथें लिहीत नाहीं.

निर्दोष कोण हें कळलें, परंतु दोष कोठें हें अजून कळावयाचें होतें. आतां मीं एक कोरा कागद घेतला आणि वाट काढली : माझा संगणक, त्याची तार, स्विच, दुसरी तार, छोटा संगणक. यांतील एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, बदलल्यावर तेंच मोजमाप पुन्हां घ्यावयाचें, आणि आकडा लिहून ठेवावयाचा, असा नियम केला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा हें कळत नाहीं. तापावर एकाच दिवशीं काढा, गोळी आणि अंगारा असे तिन्ही उपाय करणाऱ्या घरांत यश कोणाचें यावर वर्षभर वाद चालतो, तें वाचकांना ठाऊक आहेच.

प्रथम तोच भार ठेवून माझ्या संगणकावरून स्विचमार्गें राउटरकडे पिंग केलें. एकहि पाकीट हरवलें नाहीं. म्हणजे माझी बाजू चांगली. मग छोट्या संगणकाची तार स्विचच्या दुसऱ्या खांचेंत लावली; हानि तेवढीच. मग तारच बदलली. या तारेंत आठ बारीक तारा चार जोड्यांनीं पिळलेल्या असतात. पिळल्यामुळें बाहेरचा विजेचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखा होतो आणि वजा जातो. अशा पिळलेल्या जोडीचें पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं १८८१ सालींच घेतलें होतें. कपाटाच्या पायाखालीं तार चेंगरली, किंवा टोंकाचा प्लास्टिकचा चिमटा तुटून ती सैल बसली, तरी पाकिटें हरवतात. परंतु नवी तार लावूनहि आकडा हालला नाहीं. मग विजेचा पुरवठा पाहिला. या संगणकाला ५.१ व्होल्ट व ३ अँपिअर देणारा पुरवठा लागतो. तेथें फोनचा एखादा अशक्त चार्जर लावला तर नाना विकार उद्भवतात. तोहि योग्य होता.

राहिली शेवटची परीक्षा. छोट्या संगणकाच्या जागीं, त्याच तारेच्या टोंकाला, दुसरा एखादा संगणक लावून पाहावयाचा. घरांत हातीं उचलून नेतां येईल असा संगणक एकच होता, आणि तो कोणाचा होता हें सांगावयास नको. रात्रीं दहाला तो आल्यावर मीं तो मागितला. त्यानें पिशवींतून काढला, आज्ञावलीचा परवलीचा शब्द घालून दिला, आणि एक अक्षर न बोलतां माझ्या हातांत ठेविला. त्या संगणकावर, त्याच तारेंतून, त्याच भाराखाली, शंभर पाकिटें गेलीं आणि शंभर परत आलीं. म्हणजे स्विच चांगला, तार चांगली. दोष छोट्या संगणकाच्या अंगींच.

नवा मागविण्याच्या विचारांत मी होतों. परंतु मागविण्यापूर्वीं जुन्याची खरेदीची तारीख पाहावी म्हणून घरांतील यंत्रांची वही काढली. या वहींत पंखा दुरुस्त केल्यापासून पंपाचा वॉशर बदलल्यापर्यंत सारें लिहिण्याची माझी संवय आहे. त्यांत २०२१ सालच्या एका पानावर माझ्याच अक्षरांत लिहिलें होतें : ‘जिन्याच्या तारेवरील दिवा लुकलुकतो. दोन्ही टोंकांस वेग १०० व दुहेरी वाहतूक असें कायम करून टाकलें. आपसांत ठरविण्याची सोय बंद केली. आतां ठीक.’

हें वाचतांच सारा उलगडा झाला. तो वाचकांसाठीं रेल्वेच्या भाषेंत सांगतों.

दोन स्टेशनांमध्यें रूळ एकेरी असेल तर एका वेळीं एकाच बाजूची गाडी सोडतां येते. पूर्वीं ड्रायव्हरच्या हातांत गोळा असल्यावांचून गाडी हालत नसे. रूळ दुहेरी असतील तर दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम धांवतात. संगणकांच्या तारेवरहि हे दोन प्रकार आहेत. रॉबर्ट मेटकाफ यांनीं मे १९७३ मध्यें अमेरिकेंत पालो आल्टो येथें जी इथरनेट नांवाची योजना मांडली, तिच्यांत सर्व यंत्रें एकाच सामाईक तारेवर असत. बोलण्यापूर्वीं ऐकावें, दोघे एकदम बोललेच तर दोघांनींहि थांबावें, आणि थोडें कमीअधिक वेळ थांबून पुन्हां बोलावें, अशी तिची शिस्त होती. एकत्र कुटुंबाला ती नवी वाटूं नये. पुढें स्विच आले, प्रत्येकाला स्वतंत्र तार मिळाली, आणि दोन्ही बाजूंनीं एकदम बोलणें शक्य झालें. कोणता प्रकार वापरावयाचा हें दोन्ही यंत्रांनीं तार जोडतांच आपसांत ठरवावें, असा नियम १९९५ सालच्या प्रमाणांत आला. परंतु एका बाजूनें ठरविण्याचेंच नाकारलें, तर दुसऱ्या बाजूला समोरच्याचा वेग किती हें ओळखतां येतें. दुहेरी कीं एकेरी हें ओळखतां येत नाहीं. अशा वेळीं नियमाप्रमाणें ती एकेरी धरून चालते.

आमचा जुना स्विच मांडणी करतां येण्याजोगा होता. म्हणून मीं २०२१ सालीं दोन्ही टोंकें हातानें ‘दुहेरी’ करून ठेविलीं होतीं. तो जळाला. नवी पेटी साधी. तिच्यांत हातानें कांहीं ठरविण्याची सोय नाहीं. तिनें आपल्या संवयीप्रमाणें विचारणा केली असतां छोटा संगणक माझ्या जुन्या आज्ञेप्रमाणें गप्प राहिला. तेव्हां पेटीनें एकेरी मार्ग गृहीत धरला. एका स्टेशनमास्तरला रूळ दुहेरी वाटत होते, दुसऱ्याला एकेरी. संगणक हवें तेव्हां गाडी सोडी. पेटी आपली गाडी अर्ध्या वाटेवर असतांना समोरून गाडी आलेली पाहून अपघात झाला असें समजे, आणि आपलें पाकीट अर्ध्यावर तोडी. तें तुटकें पाकीट संगणकाकडे पोंचे तेव्हां पडताळणीची संख्या जुळत नसे, आणि तो तें टाकून देई. लहान पाकिटें एकेकटीं पाठविलीं तेव्हां प्रश्न आणि उत्तर पाळीपाळीनेंच जात होतीं, म्हणून टक्कर होण्याचें कारणच नव्हतें. माझ्या पहिल्या परीक्षेंत शंभर गुण पडले ते यामुळें.

छोट्या संगणकावर ‘इथटूल’ नांवाची आज्ञा दिली तेव्हां तिनें स्वच्छ सांगितलें : वेग १००, वाहतूक दुहेरी, आपसांत ठरविणें बंद. पडताळणींत नापास झालेल्या पाकिटांचा आकडाहि तेथें होता, आणि फाइल उतरत असतांना तो डोळ्यांदेखत वाढत होता. मीं आपसांत ठरविण्याची सोय पुन्हां सुरू केली. क्षणभर दिवा विझला, पुन्हां लागला. फाइल उतरत असतांना हजार मोठीं पाकिटें पाठविलीं. हजार परत आलीं. तरीहि खात्रीसाठीं जुनी मांडणी एकदां परत केली. पाकिटें पुन्हां हरवूं लागलीं. नवी केली, थांबलीं. दोष आपल्या हातानें परत आणतां आला आणि परत घालवितां आला म्हणजेच तो सांपडला असें म्हणावें. नुसता नाहींसा झालेला दोष सांपडलेला नसतो, तो दडलेला असतो.

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. दुपारीं पानें मांडलीं होतीं, सर्व मंडळी होतीं. ज्या जागीं बोललों होतों त्याच जागीं परत बोलणें भाग होतें. मीं म्हणालों, “आवाज थांबत होता तो माझ्या चुकीनें. चार वर्षांपूर्वीं मीं एक गोष्ट बदलली होती आणि विसरलों होतों. याचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. मीं याला सर्वांदेखत बोललों, तें चुकीचें होतें.” वडील माणसानें लहानाची क्षमा मागण्याची रीत आमच्या घरीं तरी पडलेली नव्हती, कोणाला काय बोलावें तें सुचेना. पुतण्या पानाकडे पाहत म्हणाला, “असूं दे, काका.” मग थोडें थांबून म्हणाला, “पण पहिल्या दिवशीं मला विचारलें असतें, तर मींच मोजून दाखवलें असतें.” तें अगदीं खरें होतें. तीन वाजतां मी आईच्या खोलीवरून गेलों तेव्हां वडिलांचें वाचन न थांबतां चाललें होतें, आणि तो भिंतीला टेकून बसला होता.

आतां ज्या घरांत असा प्रसंग येईल त्यांनीं काय क्रम ठेवावा, तो थोडक्यांत देतों.

प्रथम तक्रार करणाराचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावे. थांबतें, तुटतें, कीं अजिबात येत नाहीं, यांत फार फरक आहे. दुसरें, तक्रार कोणत्या दिवसापासून सुरू झाली हें विचारून त्या सुमारास घरांत काय काय बदललें याची सर्व यादी करावी; एकच गोष्ट लिहून थांबूं नये. आमच्या यादींत पुतण्या आणि स्विच दोघेहि होते. मीं पहिलाच वाचला. तिसरें, तपासणी तारेवरून करावी, बिनतारी जोडणीवरून नव्हे, म्हणजे एक संशय आपोआप कमी होतो. चौथें, परीक्षा लहान व मोठ्या अशा दोन्ही पाकिटांनीं, आणि रिकाम्या व भरलेल्या अशा दोन्ही वाटेवर घ्यावी. पांचवें, स्विचवरील दिव्याचा रंग पाहावा. बहुतेक पेट्यांत वेगाप्रमाणें तो बदलतो. सेकंदास १०० मेगाबिट वेगाला चारांपैकीं दोनच जोड्या पुरतात, १,००० ला चारीहि लागतात. म्हणून आंतील एखादी तार तुटली तर जोडणी बंद न पडतां नुसती मंदावल्याचेंहि दिसतें. सहावें, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी : तार, मग खांच, मग पुरवठा, मग यंत्र. तार १०० मीटरांहून लांब नसावी आणि विजेच्या तारांशीं बांधलेली नसावी. सातवें, वेग व वाहतूक हातानें कायम करण्याच्या फंदांत शक्यतों पडूं नये. दोन्ही यंत्रांना आपसांत ठरवूं द्यावें. आणि कांहीं बदललेंच तर वहींत लिहून ठेवावें. ती वही नसती तर मी एक चांगला संगणक टाकून दुसरा घेतला असता, त्याची मांडणी नव्यानें झाल्यामुळें दोष गेला असता, आणि जुना खराब होता अशी माझी जन्मभर समजूत राहिली असती.

पाकीट हरवलें एवढेंच यंत्र सांगतें. कोणामुळें हरवलें हें तें सांगत नाहीं. तें आपल्याला मोजून काढावें लागतें, आणि मोजण्यापूर्वीं जें नांव आपल्या तोंडीं येतें तें बहुधा आपल्याच मनांतलें असतें. असो. पुतण्याच्या सांगण्यावरून त्या वहीची एक प्रत आतां जिन्याखालच्या कपाटाच्या दारावर आंतून चिकटविली आहे. पहिली ओळ त्यानें स्वतः लिहिली. २०२१ सालची माझी नोंद त्यानें तारखेसह शब्दशः उतरविली आहे, आणि तिच्याखालीं आजची तारीख घालून एवढेंच लिहिलें आहे : ‘रद्द.’